बायकोच्या गाण्यामागची धुम-चक

माझी बायको गाते आणि मी ऐकतो, ही आमच्या घरातली वाटणी फार वर्षं नीट चालली होती. ती मोडली आमच्या शहरातल्या ईस्ट कोस्टच्या बागेत. रविवारी सकाळी समुद्राकाठी फिरत होतो, तर झाडाखाली चार-पाच चिनी म्हातारे-म्हाताऱ्या बँजो आणि फिडल वाजवत बसलेल्या. ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ भागातली गावठी गाणी. बायको टाळ्यांवर ताल धरून उभीच राहिली. त्यांच्या म्होरक्या बाई निवृत्त दंतवैद्य होत्या. त्यांनी हिलाही गायला सांगितलं. हिने भोंडल्याचं गाणं म्हटलं आणि दुसऱ्या कडव्यापासून बँजो त्यात शिरला. बाईंनी अर्थ विचारला. सुनेला माहेरी जायचंय आणि सासू सोडत नाही, असं मी सांगितलं.

"आमच्याही गाण्यांत हेच," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना घरी जायचं असतं, पोचत कुणीच नाही."

त्यांचा गिटारवाला मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचा गेला होता. बायको दर रविवारी गाऊ लागली आणि मी तिची पर्स धरून बसू लागलो. शेवटी पर्सचा कंटाळा येऊन मीच म्हणालो, गिटार मी शिकतो. जन्मभर जहाजांची इंजिनं उघडून जोडलेल्या माणसाला सहा तारा काय जड, असा माझा समज होता.

बाईंच्या शहरातल्याच क्वीन्सटाउन भागातल्या फ्लॅटवर शिकवणी सुरू झाली. "अजिबात दुखणार नाही," असं त्या गोड आवाजात म्हणाल्या, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पोलादी तारांनी बोटं अशी सोलली, की माझा फोन मला ओळखेना. धडा मात्र एकच: जाड तारेवर एक ठोका, मग बाकीच्या तारांवर फटकारा. धुम-चक, धुम-चक. मधेमधे एखादी सुरावट टाकू का, असं मी विचारलं.

"गाणं तिचं आहे," त्या म्हणाल्या. "लोकांचं लक्ष तुझ्याकडे गेलं, तर काहीतरी चुकलं असं समज."

पण मी पळत होतो. बायको श्वास घेईपर्यंत मी पुढच्या ओळीत. ती म्हणे मी धावतो, मी म्हणे ती रेंगाळते. बाईंनी भांडण ऐकून घेतलं, गिटार माझ्या गळ्यात अडकवली आणि आम्हाला खाली पिटाळलं. चालता चालता गायचं-वाजवायचं. डाव्या पायाला धुम, उजव्याला चक. ब्लॉकच्या वळणावर मी मागे पाहिलं, तर बायको अजून लिफ्टपाशीच.

"अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही पुढेच चालताय," ती म्हणाली. "आज वाजवत चाललात, एवढंच."

मग मी तिच्या बरोबरीने चालायला शिकलो. हे गिटारपेक्षा अवघड. ती कुंड्या बघते, मांजरांशी बोलते. मी शेजारी धुम-चक करत उभा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, रुसलेल्या बायकोची समजूत काढतोय. पण ताल बसला.

पुढे जवळच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. भोंडल्याचं गाणं आम्हा दोघांनाच करायचं होतं. गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे गिटारच्या मानेवर एक चिमटा लावतात. घाबरून मी तो दोन घरं वर लावला. पहिल्याच फटकाऱ्याला बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही. थांबायची सोय नव्हती. तिने त्याच चढ्या पट्टीत सुरुवात केली. वरच्या जागेवर तिचा आवाज बारीक, धारदार होऊन निघाला. असा मी तो कधी ऐकला नव्हता. भीतीने मला धुम-चकशिवाय काही सुचेना, तेच बरं झालं. टाळ्या थांबेनात. बाई डोळे पुसत म्हणाल्या, आमची गाणी अशीच चढ्या, धारदार आवाजात गातात; आता खरं आमच्यासारखं गायलीस.

नंतर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या आवारात, बायकोने अर्धा कप कॉफी संपवली. मी माफीची जुळवाजुळव करत होतो.

"तो चिमटा मुद्दाम वर लावलात ना?" तिने विचारलं. आवाजात चक्क कौतुक होतं.

मी कॉफी ढवळत राहिलो.