किंजळीची उघाडी

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. पण लाकूड मला बाबांनी शिकवलं.

आमच्या वाडीचं भात खाडीच्या बांधाआड होतं. बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की खाडीचं पाणी ते दार लोटून मिटवतं, आणि ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या रेट्याने ते आपणच उघडतं. त्या वर्षी लावणी झाली आणि लोखंडी उघाडीचा गंजलेला पत्रा फाटला. अमावास्येचं उधाण आठ दिवसांवर आलं होतं. खारं पाणी आत शिरलं तर रोपं जळणार, हे वाडीतल्या लहान मुलालाही कळत होतं. नवा पत्रा यायला महिना लागेल, असं ग्रामसभेत सांगण्यात आलं. मी उठून उभी राहिले आणि बोलून गेले, "आमचे बाबा किंजळीच्या लाकडाची करून देतील. आठ दिवसांत."

तोवर बांधाला वाळूच्या पिशव्या रचल्या. बाबा मेस्त, म्हणजे सुतार. त्यांनी आमच्या जुन्या गोठ्याच्या किंजळीच्या तुळया उतरवल्या. किंजळीला आम्ही किंदळ म्हणतो. इतकी वर्षं उभी होती, पण वाळवी तिच्या वाटेला गेली नव्हती. एक तुळई उचलायला चार माणसं लागली. सरळ ठोकायला गेलं की खिळा वाकायचा. बाबा आधी गिरमिटाने भोक पाडत आणि त्यात लाकडाच्याच खुंट्या मारत, कारण खाऱ्या पाण्यात खिळा गंजतो. दर दोन फळ्यांमागे करवतीला धार.

पाचव्या दिवशी उघाडी बसली. मी पाहिलं, तर प्रत्येक दोन फळ्यांमध्ये फट! पहिल्याच भरतीला सगळ्या फटींतून पाणी चिळकांड्या मारत आत आलं. बांधावरच्या शेजारी काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मेस्तानू, ही उघाडी आसा काय चाळण?"

लोक हसले. माझे कान तापले. शब्द मी दिला होता, आणि रोपं सगळ्यांची होती. संध्याकाळी मी डांबराचा डबा घेऊन आले.

"ह्या कित्याक?" बाबांनी विचारलं.

"फटी बुजवायला."

"ठेव बाजूक. फट ठेवची लागता गो. लाकूड पाणी पिता नि फुगता. जागा दिलंय नाय तर खंय जातला? चौकट फोडतला. तुज्या कॉलेजात ह्या शिकवूक नाय?"

शिकवलं होतं. लाकूड आडव्या अंगाने फुगतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. डबा तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी चिळकांड्यांचे थेंब झाले. तिसऱ्या दिवशी अमावास्या. दुपारच्या भरतीला अख्खी वाडी बांधावर. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याला पोचायला हातभर उरलं. उघाडीने एकदा कर्र केलं आणि ती चौकटीला घट्ट चिकटली. काका आतल्या बाजूने खाली उतरले, फळ्यांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि तळवा वर करून दाखवला. नुसता ओलसर.

"आता मेस्तानू, ही उघडतली तरी काय?"

"तुजो हात काढ आधी," बाबा म्हणाले. "नायतर उघडताना तुकाच घेऊन जायत."

या वेळी लोक हसले ते काकांना. कुणी घरी गेलं नाही. जेवणं राहिली, भरतीही उतरली. उन्हं कलली तशी शेतातलं पावसाचं पाणी आतून रेटू लागलं. दार बोटभर हललं, मग वीतभर, आणि पाणी धडधडत खाडीत पडलं. मी शिट्टी मारली. बी.एस्सी. झालेल्या मुलीने बांधावर उभं राहून शिट्टी मारावी का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.