पितृपक्षातला समुद्र

परवा आम्ही दोघं समुद्रावर जाऊन आलो. ऐन पितृपक्षात… नवल नाही, आम्ही दरवर्षी तेव्हाच जायचो. त्या दिवसांत कुणी नवीन वस्तू घेत नाही, त्यामुळे दुकानदाराच्या घरात खरी सुट्टी तेव्हाच मिळते.

सदाशिव पेठेत माझ्या मिस्टरांचं चष्म्याचं दुकान होतं. लोक चष्म्याइतकेच यांचं बोलणं ऐकायला यायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने जरा स्वस्तातली फ्रेम दाखवा म्हटलं, तर हे शांतपणे म्हणाले, "दाखवतो. पण आधी ही महागातली घाला, म्हणजे ती दिसेल." तो माणूस हसत हसत महागातली घेऊन गेला.

मार्चमध्ये यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं… एकच शब्द उरला, 'तेच'. पाणी हवंय का? तेच. दुखतंय का? तेच. सुरुवातीला म्हणायचं असायचं एक आणि तोंडातून निघायचं हे, तेव्हा स्वतःच दचकायचे. हल्ली दचकतही नाहीत.

स्पीच थेरपीच्या मॅडम घरी यायच्या. महिन्याभरापूर्वी त्या समोर बसल्या असताना यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते पुन्हा त्यांच्याकडे वळवलंच नाही. त्याच म्हणाल्या, ओळखीच्या जागी नेऊन बघा, कधीकधी फरक पडतो. मी त्या 'कधीकधी'ला धरून निघाले.

आम्ही उतरायचो ते घर आता बंद झालंय, म्हणून त्याच गावात दुसरीकडे खोली घेतली. ताम्हिणी घाटात गाडीच्या दोन्ही बाजूंना पिवळी सोनकी फुलली होती. मी बोट दाखवून बोलत राहिले… यांनी मान वळवली नाही.

गाव सगळं मिटलेलं. वडापावच्या टपऱ्यांवर अजून निळी ताडपत्री, प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या. वर ऑक्टोबरचं ऊन. किनाऱ्यावर आमच्याशिवाय माणूस नाही.

व्हीलचेअर वाळूत रुतली. मग ती उलटी करून, गाडीच्या ड्रायव्हरने मागून ओढत आणि मी समोरून उचलत ओल्या वाळूपर्यंत नेली. याच वाळूतून पँट दुमडून हे माझ्या कितीतरी पुढे चालत जायचे… आता तोंड गावाकडे करून, पोत्यासारखे ओढले जात होते. हे माझ्याकडे बघत होते. मी बघू शकले नाही.

खुर्ची समुद्राकडे वळवली आणि मी म्हटलं, "अहो, बघा ना. बरं वाटतंय ना?"

यांनी समुद्राकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "तेच."

त्या क्षणी मला कळून चुकलं की इथेही काही होणार नाहीये. मी तिथेच वाळूत बसले. भरती सुरू झाली होती, पाणी चाकांपर्यंत आलं… आणि मला उठून खुर्ची मागे घ्यावीशीच वाटेना. ड्रायव्हर धावत आला, त्याने घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीण सुमनताई पोहे घेऊन आल्या. साठीच्या असतील, एकट्याच सगळं बघतात. खोली आवडली का, असं त्यांनी साधं विचारलं. बाहेर बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'सी व्ह्यू' लिहिलंय आणि आमच्या खिडकीतून दिसत होती शेजारच्यांच्या स्लॅबवरची काळी पाण्याची टाकी. माझ्या तोंडून कसं निघून गेलं कोण जाणे… "छान आहे. फक्त समुद्र टाकीत भरून ठेवलाय, ते बोर्डावर लिहायचं राहिलंय."

हे हसले.

मार्चनंतर पहिल्यांदा. वाकड्या तोंडाने, पण मोठ्याने, खांदे हलवून. मीही हसायला लागले… आणि मग लक्षात आलं की यांचं हसू थांबत नाहीये. बघता बघता त्याचं रडणं झालं. लहान मुलासारखं, भोकाड पसरून. तोंडातले पोहे शर्टवर सांडले.

मी यांचं तोंड पुसायला धावले, गप्प व्हा, गप्प व्हा म्हणत राहिले. सुमनताईंनी माझा हात धरला.

"रडू द्या त्यांना. सीझन नाहीये, ऐकायला कोण आहे इथे?"

बिबवेवाडीला आमच्या सोसायटीत भिंतीला भिंत आहे. शेजारच्यांचा मिक्सरसुद्धा आपल्याच ओट्यावर असल्यासारखा ऐकू येतो. इतके महिने मी बाथरूमचा नळ सोडून रडत आले… त्या सकाळी यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून, आवाज न दाबता रडले. यांचा डावा हात माझ्या डोक्यावर होता. मुद्दाम ठेवला की नुसता येऊन पडला, माहीत नाही.

पुण्यात आल्यावर डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, अशा आजारात हसू आणि रडू आपोआप येतं, त्यातून फार अर्थ काढू नका. बोलणं आता कितपत परत येईल हेही विचारलं. औषधं तीच चालू ठेवा, म्हणाले.

म्हणजे फरक काही पडलेला नाही. हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपतात. पुढच्या वर्षी जाऊ की नाही, कोण कोण जाऊ… त्याचा विचार मी करत नाही.

सुमनताई, तुम्ही फेसबुकवर नाही, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. आमचं रडून होईपर्यंत तुम्ही दाराशी बसून राहिलात आणि मग काही न विचारता पोहे पुन्हा गरम करून आणलेत. आम्ही दोघांनीही ते सगळे खाल्ले.