पायाळूचा पाय आणि पाठीतलं पाणी

मी जगात आले ती पाय पुढे टाकून. आईचं बाळंतपण करणाऱ्या सुईणीला आधी माझी टाच दिसली आणि तिने तिथल्या तिथे जाहीर केलं, पोर पायाळू आहे. आमच्याकडे पायाळू माणसाच्या वाट्याला तीन गोष्टी येतात. वीज त्याला शोधत येते, म्हणून ढग गडगडले की त्याला घरात कोंडतात. जमिनीतलं धन त्याला दिसतं म्हणतात. मला आजवर फुटकी कवडी दिसली नाही. आणि तिसरी, कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, मान आखडली, की पायाळूने तिथे पाय लावायचा. डावा पाय, रोज तीनदा, असं तीन दिवस.

आमचं गाव गडबच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. लहानपणी सकाळी दात घासायच्या आधी ओटीवर कुणीतरी पाठ वाकवून बसलेलं असायचं. पुढे मी पेणला शिक्षिका झाले, तिथेच घर केलं, तरी लोक आले. एकदा आमच्या शाळेचे मुख्याध्यापक वर्गाचं दार लोटून शर्ट वर करून उभे राहिले. मी आधी त्यांना वाकून नमस्कार केला आणि मग लाथ मारली. वरिष्ठांना लाथ मारून वर त्यांचे आभार घेणारी जिल्ह्यात मी एकटीच असेन.

माझा विश्वास होता का, असं कुणी विचारलं तर मी हसण्यावारी न्यायचे. चौथीच्या मुलांना मी विज्ञान शिकवते. पण खरं सांगते, मला ते आवडायचं. माणूस वाकडा होऊन यायचा आणि सरळ होऊन जायचा. उसण तशीही दोन-तीन दिवसांत आपली आपण उतरते, हे मला कळत होतं आणि कळत असूनही मी श्रेय घेत होते.

माझा भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तो डोक्यानेच आला, सरळ. पण त्याचा उजवा कान लहानपणापासून वाहायचा. आईने लसूण घालून तापवलेलं तेल सोडलं, कुणी सांगितलेला पाला पिळला; कान काही महिने थांबायचा आणि पुन्हा वाहायचा. कानात कापसाचा बोळा हीच त्याची ओळख झाली होती. रोह्याला कंपनीत लागला, लग्न झालं, तरी बोळा होताच. गेल्या थंडीत त्याची बायको मला फोनवर कौतुकाने म्हणाली, "ताय, ह्यांचा कान बसला बघा. आठ दिवस झाले, थेंब नाय." आम्ही सगळे खूश झालो.

शेतातल्या वालाच्या शेंगा भरल्या होत्या. रविवारी आईकडे पोपटी लावायची ठरली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. दर वर्षी हे काम भावाचं. तो चार वाजता मोटारसायकलवरून आला तेव्हा डोक्यावरची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली होती. उन्हाने डोळे दुखतात म्हणाला. दोन दिवस कणकण होती, गोळी घेऊन सेकंड शिफ्ट केली, म्हणाला. जाळ पेटल्यावर त्याने तोंड फिरवलं. मडकं उघडलं, भांबुर्डीचा वास सुटला, आणि तो बांधाकडे जाऊन ओकला.

"दिष्ट लागली," आई म्हणाली आणि मीठ-मिरच्या आणायला घरात गेली.

तो माझ्यासमोर येऊन पाठमोरा बसला. "ताय, मान धरलीय. मशीनवर वाकून वाकून. जरा पाय लाव."

ताप, उजेड नको, उलटी, आखडलेली मान. चारही गोष्टी माझ्यासमोर होत्या. मी त्यातली एकच पाहिली, कारण तीच माझ्या कामाची होती. डावी चप्पल काढली आणि टाच त्याच्या मानेला लावली. मान लाकडासारखी ताठ होती आणि टाचेला चटका बसेल इतकी गरम. मी तीनदा पाय लावला. तो म्हणाला, "सैल वाटतंय." मला बरं वाटलं. तो शेंगा न खाताच रोह्याला निघाला.

सोमवारी सकाळी शाळेत निघताना त्याच्या बायकोचा फोन आला. तो खोलीत अंधार करून पडला होता, डोकं फुटतंय म्हणत होता. तिला त्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं, तो ऐकत नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

मी म्हणाले, "थांब जरा. तीन दिवस लागतात. संध्याकाळी येऊन पाय लावून जाईन."

हे वाक्य मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही. संध्याकाळी शाळेत मीटिंग लांबली आणि मी गेलेही नाही.

मंगळवारी पहाटे तो उठला, शर्ट उलटा घातला आणि बायकोला "बाई, हजेरी झाली का?" म्हणून विचारू लागला. शेजाऱ्यांनी त्याला उचलून रोह्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला झोपवून डोक्याखाली हात घातला आणि मान उचलायला गेले, तर मान वाकलीच नाही. खांदे उचलले गेले आणि गुडघे आपसूक वर आले. त्यांनी विचारलं, "मान कधीपासून धरलीय?" वहिनी म्हणाली, "शनिवारपासून. पण ताय पायाळू आहेत, त्यांनी पाय लावलाय." डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि गाडी करून पेणला पाठवलं.

पेणच्या दवाखान्यात मी आधीच पोचले होते. वाटेत गडबला गाडी थांबवून वहिनीने आईलाही घेतलं होतं. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. आतल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या होत्या. डोक्याचा फोटो काढून झाल्यावर त्यांनी आम्हा तिघींना बाकावर बसवलं आणि समोर स्टूल घेऊन बसल्या.

"मेंदू आणि पाठीच्या कण्यातली दोरी एकाच पाण्यात असतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावरचं आवरणही एकच. त्या आवरणाला सूज आलीय, म्हणून मान वाकत नाही. आत कुणीतरी शिरलंय. विषाणू असेल तर त्याचा इलाज वेगळा. टीबी असेल तर महिनोन् महिने औषध. कानातून गेलेले जंतू असतील, आणि मला तोच संशय आहे, तर एकेक तास मोलाचा. औषधं सुरू केलीत, पण अंधारात तीर मारतेय. पाठीतून थोडं पाणी काढू द्या. ते पाणी सांगेल कोण आहे."

"पण कान तर बसला होता," वहिनी म्हणाली.

"बसला नव्हता. पू बाहेर यायचा तो आत वळला."

पाठीतलं पाणी म्हटल्याबरोबर आई उभी राहिली. "नाय! पाठीतलं पानी काढायचं नाय. आपल्या पलीकडच्या वाडीतला तो गडी, त्याचं पानी काढलं नि दोन्ही पाय गेले. खाटेवरून उठला नाय. माझा पोर लुला झाला तर काय करू?"

तो गडी मला आठवत होता. गावातल्या प्रत्येकाला तो आठवतो. त्याचे पाय सुईच्या आधीच गेले होते, दुखणं कण्यात उतरलं होतं म्हणून तर पाणी काढलं. पण दुखणं कुणाला दिसलं नाही, सुई सगळ्यांना दिसली.

सहीचा कागद वहिनीच्या हातात होता. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताय, तुम्ही सांगाल तसं."

मी आईला समजावू लागले. पाणी कमरेच्या खालून काढतात, दोरी त्याच्या वरच संपते, लाखो लोकांचं काढतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. आईवर काडीचा परिणाम झाला नाही. ती माझा हात धरून म्हणाली, "शालेतलं नको सांगू गो बाय. तू पायालू हायस. पाठीचं तुला कलतं. परवा तू त्याला पाय लावलास, तुझ्या पायाला काय कललं ते सांग."

माझ्या पायाला काय कळलं होतं? ताठ मान कळली होती. ताप कळला होता. तेवढं दोन दिवस आधी तोंडाने सांगितलं असतं तर आम्ही त्या बाकावर बसलोच नसतो. मला स्वतःची इतकी चीड आली की त्या पायाकडे बघवेना. पण आई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि शिक्षिकेचं ती ऐकणार नव्हती हे उघड होतं. पायाळूचंच ऐकणार होती.

मग मी खोटं बोलले. म्हणाले, "आये, पायाला कललं म्हणूनच सांगते. पाठीत वाईट पानी भरलंय. ते काढल्याबिगर सुटका नाय. सुई टोचायच्या आधी मी पाय लावते, मंग त्याच्या पायांना कायसुदा व्हनार नाय. माझ्या पायाची शपथ."

आईने माझ्या पायाकडे पाहिलं. "व्हय?" तिने विचारलं.

"व्हय."

वहिनीने सही केली. मी डॉक्टरीणबाईंना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, परवाचा पायही सांगितला. मला वाटलं त्या झापतील. त्यांनी फक्त बूट काढून पाय धुऊन यायला सांगितलं. भावाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतले होते. आई दारातून बघत होती. मी डावी टाच त्याच्या कमरेला एकदा टेकवली आणि बाहेर आले. नंतर आतून तो ओरडला, तेव्हा आईने माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होता. त्याचे पाय जातील का, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांवर विश्वास होता, पण शपथ माझ्या पायाची होती.

थोड्या वेळाने परिचारिका हातात लहानशी बाटली घेऊन आमच्यासमोरून गेली. पाणी नितळ हवं असतं, हे आता मला माहीत आहे. ते तांदळाच्या धुवणासारखं होतं. आईने पाहिलं आणि म्हणाली, "बाय गो, खरंच वाईट पानी होतं." तिचा माझ्या पायावरचा विश्वास त्या दिवशी पक्का झाला, आणि मी मान खाली घालून बसले.

कानातले जंतूच निघाले. औषध बदललं, वाढवलं. चौथ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले आणि पाय हलवले. आई ते पाय धरून रडली. मग तो म्हणाला, "एवढे सगळे गप्प का?" आम्ही कुणीही गप्प नव्हतो. वहिनी त्याला हाका मारत होती.

उजवा कान कधीच फारसा नव्हता. या दुखण्यात डावाही गेला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, रविवारीच आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित वाचला असता." त्या "कदाचित"ने मला पुढे वर्षभर झोपू दिलं नाही.

कंपनीत त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये घेतलं. घरापर्यंत ऐकू येणारा शिफ्टचा भोंगा आता त्याला वहिनी खांद्यावर थोपटून सांगते. बोलताना तो मोठ्याने बोलतो आणि आम्ही त्याच्याशी पाटीवर लिहून बोलतो. लोक अजून माझ्याकडे येतात, आईने माझी कीर्ती पार कोलाडपर्यंत पोचवलीय. पण मी आता आधी विचारते, ताप हाय का? उलटी झाली का? हनुवटी छातीला टेकवून दाखव. नाही टेकली तर ओटीवरूनच रिक्षात बसवून डॉक्टरकडे धाडते. काही जण रागावतात, पायाळूला माज आलाय म्हणतात. म्हणू देत.

फक्त त्याला मी काही सांगितलं नव्हतं. आजारातले ते दिवस त्याच्या डोक्यातून पुसले गेले होते, आणि आमच्या घरात कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं. या थंडीत पुन्हा पोपटी लावली. मडक्याभोवती जाळ घालून तो माझ्याजवळ येऊन बसला, तेव्हा मी पाटी घेतली आणि लिहिलं: त्या सोमवारी तुझ्या बायकोला तुला डॉक्टरकडे न्यायचं होतं. थांब, तीन दिवस लागतात, असं मी सांगितलं. तुझा कान माझ्यामुळे गेला.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग शेजारच्या शेतात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "मला डॉक्टरकडं जायचंच नव्हतं. म्हनून तर तुझ्याकडं आलो होतो."

त्याने मला माफ केलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. त्याने तळहाताने पाटी पुसली, ती बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

"स्टोअरमध्ये गोनी उचलली, मान धरलीय. लाव पाय."

मी उठून त्याच्या पुढे गेले, कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. मग मी माझी हनुवटी छातीला टेकवून दाखवली. त्याला कळलं. त्याने दात आवळत मान हळूहळू खाली घातली, हनुवटी छातीला टेकवली आणि तशीच धरून ठेवली.

"टेकली ना?" तो खाली बघतच ओरडला. "नीट बघ, ताय."

मी नीट पाहिलं. मग मागे जाऊन डावी चप्पल काढली.