अर्ध्या पोटाची सोयरीक

आणीबाणी उठली त्या साली सोलापूरच्या डॉक्टरनी माझं अर्धं पोट कापून काढलं. अल्सर होता. उरलेल्या पोटात एका वेळी वाटीभरच मावेल, दिवसातून सहा वेळा खा, गोडाला शिवू नका, नाहीतर घाम फुटून आडवे व्हाल, असं त्यांनी बजावलं. पण खाण्याची हौस पोटात नसतेच मुळी, हे एवढ्या शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही!

मन्नाएखेळ्ळीत माझं कापडाचं दुकान, आणि वीस पोळ्या खाणारा अण्णा म्हणून चार गावांत नाव. तीन महिन्यांत सदरे अंगावर लोंबायला लागले. भेटायला येणारा प्रत्येक जण खायलाच घेऊन यायचा (आणि मी नको म्हटलं की स्वतःच खाऊन जायचा).

अशात थोरली लेक महादेवी हिला करजगीचं स्थळ आलं. मुलगा शिवराज, शाळेत मास्तर. महादेवीनं त्याला नात्यातल्या एका लग्नात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती दुसऱ्या स्थळाचं नाव काढू देत नव्हती. बोलणी पक्की करायला आम्हा नवराबायकोला जेवायचं आवतण आलं. आता आमच्या लिंगायतांत ताटात अन्न टाकत नाहीत, ताट धुऊन ते पाणीसुद्धा पितात. त्यात सोयरिकीच्या जेवणात पाहुण्यानं हात आखडला, तर स्थळ पसंत नाही असंच धरतात.

"पोट कापलंय म्हणून सरळ सांगा की," बायको नीलम्मा म्हणाली. "त्यात लाजायलाव कामून?"

म्हटलं, अर्ध्या पोटाच्या बापाची पोरगी कोण करून घेईल? खरं सांगायचं तर वीस पोळ्यांचं नाव बुडेल याचीच मला जास्त काळजी होती. पोरीला आपलं पुढं केलं.

करजगीत पंगतीला मी, शेजारी शिवराज आणि समोर त्याचे वडील बसप्पा. त्याची आई नागम्मा वाढायला. 'तुमचं नाव ऐकलंय अण्णा' म्हणत तिनं चार पुरणपोळ्या एकदम वाढल्या, वर तुपाची धार. एक कशीबशी संपवली. नागम्मा आत वळली आणि बसप्पा मान खाली घालून जेवत होते, तेवढ्यात न मोडलेल्या तिन्ही पोळ्या मी शिवराजच्या ताटात सारल्या. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं खायला लागला. (भावी सासरा! बोलतो कुठं?) आणखी चार आल्या, त्याही तिकडंच गेल्या. पोराचे डोळे तारवटले, पण हात चालूच.

इथं थांबायला हवं होतं. पण बसप्पा म्हणाले, असा खाणारा पाहुणा आमच्या गावानं बघितला नाही. झालं! अंगावर मूठभर मांस चढलं. मी आणखी एक पोळी मागितली, दुधात कुस्करली आणि सगळ्यांदेखत खरोखर खाल्ली.

थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, सदरा घामानं चिंब, डोळ्यांपुढं अंधारी. मी ताटाशेजारीच आडवा! नागम्मा म्हणाली दृष्ट लागली, आणि मीठमिरच्या ओवाळायला लागली. बसप्पा पोळीत काय घातलं म्हणून तिच्यावरच खेकसले. तेव्हा नीलम्मा आतून आली आणि तिनं सगळ्यांसमोर माझं ऑपरेशन सांगून टाकलं.

गेली पोरीची सोयरीक, आणि माझ्या फुशारकीपायी गेली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी तर नऊ पोळ्या वाढल्या," नागम्मा म्हणाली. "त्या खाल्ल्या कुणी?"

शिवराजनं ढेकर दाबला. "माझ्या ताटात आल्या, अव्वा. टाकायच्या कशा?"

बसप्पा हसायला लागले ते थांबेचनात. नीलम्मानं डोळ्यांना पदर लावला. "जावई ह्योच," ती म्हणाली. "लग्न लागायच्या आधीच सासऱ्याची अब्रू झाकायलाय." सोयरीक तिथंच ठरली. त्यात माझा हातभार काडीचा नव्हता.

नागम्मानं एकच अट घातली, लग्नात मुलीच्या बापाला मोठ्यांच्या पंगतीत बसवायचं नाही. म्हणून माझ्याच मांडवात मला लहान पोरांच्या रांगेत बसवलं. तिथंही मी सगळ्यांच्या मागं. शेजारची चार वर्षांची पोर दोनदा मागून जेवली, हात धुऊन आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"अज्जा," ती म्हणाली, "तुला खाता येत न्हाई का? मी भरवू?"