मामांना न ऐकू आलेला आवाज

दिनकरमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी केळीच्या बागेत ट्रॅक्टरवर होते. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "ताई, बाबा गेले... सकाळी चहा घेता घेता." मी इंजिन बंद केलं. छोटा ट्रॅक्टर, दोन ओळींच्या मधून जेमतेम जाणारा. आज महिना होऊन गेला. मामांबद्दल लिहायचं तर मला त्या श्रावणातल्या सकाळपासूनच सुरुवात करावी लागेल. तेव्हा मी त्यांच्याबद्दल जे बोलले, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

मामा मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी बऱ्हाणपूरजवळच्या कागद कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि इकडचेच झाले. मशीनच्या घरघराटात तीस-बत्तीस वर्षं काढली, त्यात दोन्ही कान गेले. कानाला यंत्र लावलं की डोकं दुखतं म्हणून तेही काढून ठेवलेलं. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घ्यायचे. निवृत्तीनंतर बऱ्हाणपुरात इतवाऱ्यात राहायला आले. कोणाचं काही बिघडलं की पिशवीत चार पाने-पकडी टाकून बसने निघायचे. न ऐकू येणारा माणूस इंजिन कसं दुरुस्त करतो, याचं लोकांना नवल वाटे. मला मात्र शंकाच वाटायची.

त्या वर्षी आमचा ट्रॅक्टर सतावत होता. सुरू केला की पंधरा-वीस मिनिटं छान चालायचा. मग आचके देऊ लागायचा, सगळा थरथरायचा आणि बंद पडायचा. थोडा वेळ उभा ठेवला की पुन्हा सुरू. मेकॅनिकने नोझल साफ केले, फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. तरी तेच. शेवटी तो म्हणाला, इंजिनाचा डिझेलपंप खोलून शहरात न्यावा लागेल. पंप खोलायच्या सकाळी मामा आले. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानामागच्या हाडावर टेकवली. इंजिन दमायला लागलं तसे म्हणाले, "देख शोभा, तिन्ही सिलिंडर एकदमच दमतात. नोझल खराब असता तर एकच दमला असता. पंपाला हात लावू नको. डिझेल पोचतच नाहीये."

मी आधीच वैतागले होते. तोंड फिरवून आमच्या गड्याला, रामदासला म्हणाले, "ज्यांना आवाजच येत नाही, त्यांना इंजिनातलं काय कळणार?" माझे ओठ मामांना दिसले नाहीत. पण रामदासचा चेहरा दिसला... त्यांनी हात पुसले आणि बांधावर जाऊन बसले.

तेवढ्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची खबर आली. तापी चढत होती आणि आमची पाण्याची मोटार खाली काठावर होती. ती गेली असती तर उन्हाळ्यात बाग जळाली असती. शेजारचे सगळे आपापल्या मोटारी काढायला धावले होते. हे सतरा वेळा बंद पडणारं इंजिन घेऊन मीच उतारावर गेले. रामदासने मोटारीचा गाडा दोराने ट्रॅक्टरला बांधला. अर्धा चढ चढलो आणि इंजिन आचके देत बंद पडलं. मी ब्रेकवर उभीच राहिले. रामदासने एका चाकामागे दगड लावला. मामा वरून घाईने उतरले आणि दुसऱ्या चाकामागे दगड लावायला वाकले, पाठ माझ्याकडे.

रामदासचा दगड निसटला. ब्रेक दाबलेला असूनही ओल्या मातीवर ट्रॅक्टर मागे सरकू लागला.

"मामा, बाजूला व्हा! मामा!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. नदीपलीकडे ऐकू गेलं असेल, दोन हातांवरच्या मामांना नाही. उडी मारावी, त्यांना ओढावं, असं वाटून गेलं. पण मी स्टीअरिंग पूर्ण दरडीकडे ओढलं. मागचं चाक मामांना चाटून मातीत घुसलं आणि थांबलं. मामा चिखलात पडले होते. उठले तेव्हा डावं मनगट लोंबत होतं.

"दवाखान्यात चला," मी रडत म्हणाले. त्यांनी उजव्या हाताने ट्रॅक्टर दाखवला. "आधी टाकीचं झाकण उघड."

झाकण फिरवलं तसं फुस्स झालं, कोणीतरी कोंडलेला श्वास सोडावा तसं.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. "आवाज आला?"

मी मान हलवली. झाकणाला हवा आत जायचं बारीक भोक असतं. कुंभारमाशीने त्यात माती भरून ते लिंपून टाकलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून डिझेल बाहेर येत नव्हतं. रामदासने बाभळीच्या काट्याने भोक मोकळं केलं. इंजिन लागलं आणि थांबलं नाही. मोटार वर आली. संध्याकाळी त्या उतारावर पाणी होतं.

प्लास्टर घालून झाल्यावर मी मान खाली घालून म्हणाले, "मामा, सकाळी मी फार वाईट बोलले..."

"मान वर कर. ओठ दिसत नाहीत."

मी त्यांच्याकडे बघत पुन्हा सगळं बोलले, रामदासला काय म्हणाले तेसुद्धा. त्यांनी ते पुरतं वाचलं. "खरंच आहे, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "पण तू स्टीअरिंग सोडून उडी मारली असतीस तर मी आज इथं नसतो." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मनगट मात्र थोडं वाकडंच जुळलं.

परवा इतवाऱ्यात मामींना भेटायला गेले. त्यांनी चहा समोर ठेवला, माझ्यासमोर येऊन वाकल्या, माझ्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द तोडून, मोठ्याने म्हणाल्या, "साखर... बरोबर... आहे का?" मग स्वतःच दचकल्या. पदराने तोंड दाबलं. "हळू बोलायचं विसरलेच गं मी," त्या म्हणाल्या, आणि तेही मोठ्यानेच.