पडद्याआडच्या नर्सबाई

नांदुऱ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई गाठ तपासताना डोळे मिटून घेत. बायका पुरुष डॉक्टरांना अंग दाखवीत नसत, म्हणून मध्ये पडदा असे. पलीकडून डॉक्टर विचारीत आणि अलीकडे बाईंची बोटं उत्तर शोधीत.

आईच्या छातीत सुपारीएवढी गाठ लागली तेव्हा मी मॅट्रिकला होते. तिचा हात धरून मी पडद्याच्या आत उभी होते.

"हलते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हलते."

"कातडी ओढली जाते?"

"नाही."

"काखेत काही?"

बाई थांबल्या. आईची नखं माझ्या तळव्यात रुतली.

"काही लागत नाही."

आई लगेच पदर सावरू लागली. "दुखत तर नाहीच. साधीच असंन."

"येनारी हरेक बाई हेच म्हनते," नर्सबाई म्हणाल्या. "वाईट गाठ बी पह्यले दुखत नाही, माय."

गाठींबद्दल त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. साधी गाठ आपल्या आवरणात राहते. वाढली तर बाजूला रेटते, पण कुणाच्या आत शिरत नाही. वाईट गाठ आत शिरते आणि तिचे कण दूर जाऊन दुसरीकडे बस्तान मांडतात. डॉक्टर तिला कर्करोग म्हणत. बाई मात्र तपासणीचा कागद येईपर्यंत कुठल्याच गाठीला नाव देत नसत.

वडील शाळामास्तर. गाठ साधी वाटते, पण काढून तपासायला हवी, असं बाईंनी बाहेर येऊन सांगताच ते वैतागले. "साधी वाटते म्हनता, अन् कापा बी म्हनता?"

"'वाटते' म्हनलं, मास्तर. 'आहे' नाही म्हनलं," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी गाठ काढली, बाटलीत घालून नागपूरला पाठवली. आई रोज पोस्टमनची वाट पाही आणि तो दिसला की आत निघून जाई. पण कागद दवाखान्यात आला आणि बाई तो घेऊन घरी आल्या. वडिलांनी तो दारातच मागितला. आमच्याकडे असं काही बाईमाणसाला सांगायची रीत नव्हती.

"गाठ बाईची आहे, मास्तर. पह्यले तिले सांगू द्या."

गाठ वाईट निघाली होती, पण पसरली नव्हती. आईने स्वतःच सांगितलं, "नागपूरले जाऊ." तिथे तिचा स्तन काढला.

त्याला अठरा वर्षं झाली. नर्सबाई निवृत्त होऊन खामगावला राहत होत्या; परवा तिथून त्या वारल्याचं पत्र आलं. मी ते वाचून दाखवलं. आई उठली आणि न्हाणीत जाऊन तिने डोक्यावरून पाणी घेतलं.

"काऊन वैनी, कोन होत्या त्या तुमच्या?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

आई केस पुसत राहिली. "ते मले सांगता येत नाही. पन मले सुतक आहे."