दोन ठिकाणी हयात

कबनूरच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये माझा डावा हात कोपराखाली गेला, तेव्हा मी पंचवीसचा होतो. मागाची दुरुस्ती करायचो. पट्टा चढवताना शर्टाची बाही ओढली गेली, एवढंच मला आठवतं. पुढे कामगार विम्याची अपंगत्वाची पेन्शन सुरू झाली. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो : आई, मी आणि माझ्याहून दीड वर्षानं लहान भाऊ. वडील लहानपणीच गेले होते. आम्ही दोघं भाऊ चेहऱ्यानं आणि आवाजानं इतके सारखे होतो की तालमीतले वस्तादसुद्धा एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारायचे. हात गेल्यावर चुकायचं कारण उरलं नाही.

आईला काचबिंदू होता. नजर कडेनं विझत विझत आत आली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिला फक्त उजेड आणि सावली कळायची. कोण आलं हे ती हातानं बघायची. माझी रिकामी बाही मी वर दुमडून पिननं टाचायचो. ती पिन चाचपून ती म्हणायची, "आलास व्हय?"

मस्कतमध्ये माझ्या मावसभावाचं कापडाचं दुकान होतं. गोदामावर लक्ष ठेवायला त्याला घरचा माणूस हवा होता. इथं एका हाताच्या माणसाला कुणी काम देत नव्हतं, म्हणून मी जायचं ठरवलं. धास्ती होती ती पेन्शनची. परदेशी गेलं की ती बंद होते, असं गल्लीत जो तो सांगत होता. मी विम्याच्या ऑफिसात जाऊन विचारलं.

"जावा की पावणं," खिडकीवरचा कारकून म्हणाला. "पेन्शन कुठं जात न्हाय. फक्त वर्षातनं एकदा जिवंत हायसा म्हणून दाखला लागतो. तिथनं वकिलातीचा शिक्का मारून पाठवा."

निघताना आई बराच वेळ पिन चाचपत बसून राहिली.

कोल्हापुरात माझा नसलेला हात रोज दुखायचा. बोटं कुणीतरी मुठीत आवळल्यासारखं वाटायचं. असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मस्कतला उतरलो आणि ते दुखणं थांबलं. हात मागंच राहिला आणि मी एकटा पुढं आलो, असं वाटत राहिलं. मग वर्ष सरता सरता एका दुपारी, गोदामात ताग्यांच्या थप्पीपाशी उभा असताना, कुणीतरी माझी दुमडलेली बाही चाचपली. वळून बघितलं तर मागं भिंत. त्यानंतर ते वरचेवर व्हायला लागलं, बहुतेक जेवणाच्या सुमाराला. मावसभावाला मी सांगितलं नाही. त्या भिंतीकडे पाठ करून उभं राहायचं मात्र सोडलं.

घरी फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मी फोन लावायचो आणि दुकानदार आईला हाताला धरून घेऊन यायचा. एकदा मी म्हटलं, "आई, मी बोलतोय. मस्कतहून."

ती रिसीव्हर तोंडापासून लांब धरून दुकानदाराला म्हणाली, "कोण हाय कुणास ठावं. माझा थोरला तर घरात झोपलाय."

फोन ठेवल्याचा आवाज आला. वय झालं, आता डोकं साथ देत नसेल, अशी मी माझी समजूत घातली. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "ती असंच बोलती अलीकडं."

दुसऱ्या वर्षी पेन्शन थांबली. विम्याच्या ऑफिसला फोन लावला, तर तोच कारकून होता.

"तुमचे दोन दाखले आल्यात," तो म्हणाला. "एक वकिलातीचा. दुसरा तुम्ही सोता येऊन सही करून गेलासा त्यो. खरा कुठला?"

"मी इकडेच आहे. दोन वर्षं झाली, तिकडं आलोच नाही."

"मी बघितलंय की तुम्हाला. ह्याच खिडकीवर हुबं हुतासा. बाहीला पिन हुती."

मी रजा काढली आणि न कळवता घरी आलो. दुपार होती. बॅग घेऊन गल्लीत शिरलो तेव्हा इस्त्रीवाला मान वर करून म्हणाला, "आत्ताच तर घरात गेलासा. परत कधी भाईर पडलासा?" मी हसलो आणि पुढं गेलो.

दार उघडंच होतं. आई उंबऱ्याच्या आत पाट टाकून बसली होती. मी वाकलो आणि म्हणालो, "आई, आलो." तिनं सवयीनं हात वर केला. बाही सापडली, पिन सापडली. तिचा हात तिथंच थांबला. मग तिनं तो झटकन मागं घेतला आणि भिंतीला सरकली.

"तू कोण?" ती म्हणाली. "त्यो आत जेवतोय."

मी आत बघितलं. चुलीसमोर मी बसलो होतो. माझा निळा शर्ट अंगात, डावी बाही दुमडलेली, पिन लावलेली, उजव्या हातात भाकरीचा तुकडा. त्या माणसानं माझ्याकडं बघितलं आणि तुकडा ताटात ठेवला. तो माझा भाऊ आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

त्यानं मला मागच्या दारी नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी माझा दाखला टपालात अडकला होता. पेन्शन तुटेल म्हणून त्यानं हात बनियनच्या आत बांधला, माझा शर्ट घातला आणि ऑफिसात जाऊन सही केली. घरी आला तेव्हा शर्ट काढायच्या आधीच आईनं बाही चाचपली. "आलास व्हय?" म्हणाली आणि उठून भाकरी थापायला बसली. मी गेल्यापासून ती धड जेवली नव्हती. त्या दिवशी पोटभर जेवली.

"मग दुसऱ्या दिवशी म्हणाली, थोरला कुठाय? काय सांगू दादा? रोज एकदा मी तू हुतो. जेवायच्या टायमाला. ऑफिसातबी मग सवयीनं गेलो."

"हात दाखव," मी म्हणालो.

त्यानं बनियनच्या आतून हात सोडवून बाहेर काढला. पंजा बारीक आणि पांढुरका पडला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होत नव्हतं. "कधी कधी सापडतच न्हाय मला त्यो," तो म्हणाला. "सोडला तरी हाय का न्हाय, बघावं लागतंय."

मी त्याला रागावलो नाही. माझ्या बाहीला गोदामात काय व्हायचं, तेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ऑफिसात गेलो आणि खरं काय ते लिहून दिलं. साहेबांनी आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं आणि दोघांच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. पैसे माझ्याच खात्यात आले होते, त्यामुळं प्रकरण भावाला लेखी समज देण्यावर मिटलं. पेन्शन पुन्हा सुरू झाली आणि ती आजही मिळते. भावाचा हात पुढं व्यायामानं बराचसा सुधारला, पण ती दोन बोटं तशीच राहिली. आई त्यानंतर तीन वर्षं जगली. ती गेल्यावर मी मस्कत सोडून कायमचा परत आलो.

पण त्या रजेत आईनं मला पोरगा मानलं नाही. मी समजावलं, भावानं समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि मला म्हणायची, "पावणं, जेवून घ्या." तिच्या जेवणाच्या वेळी मी बाहेर फिरायला जायला लागलो, कारण मी समोर असलो की ती घास हातात धरून नुसती बसायची. आत भाऊ बाही टाचून बसायचा. त्याला थांब म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

निघायच्या दिवशी तिनं फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून माझ्यापुढं धरली. "लांब जायाचं तुम्हाला," ती म्हणाली. "तुमच्या आईला विचारलंय म्हणून सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

आई दुपारची झोपल्यावर भाऊ स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी लागायला वेळ होता, पण तो सारखा घड्याळ बघत होता.

"मी निघतो दादा," शेवटी तो म्हणाला. "ती उठली की तू घरात लागतोस."